शेवटचा भाग

मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून कुमुदताई व्हिडिओत डोळे पुसत सांगत होत्या, "कादंबरीतला तो पंखांचा घोडा मेला हो. मला आज जेवण गेलं नाही."

सून हसली. "आई, या वयात जादूच्या कादंबऱ्या? लोक काय म्हणतील?"

लोक ऐकत होते. खप नाही म्हणून प्रकाशकाने त्या घोड्याच्या कादंबरीचा शेवटचा भाग छापायचं नाकारलं होतं. कुमुदताईंचे व्हिडिओ पसरले, तसे आधीचे भाग दुकानांतून संपले आणि शेवटच्या भागासाठी प्रकाशकाकडे फोन सुरू झाले.

एका दुपारी लेखिकेचाच फोन आला. "काकू, शेवटचा भाग छापायला गेला. तुमच्यामुळेच. प्रकाशन तुमच्याच हस्ते करायचंय."

कुमुदताई खुर्चीत ताठ बसल्या. सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येईन की. पण आधी वाचायला पाठवा. न वाचलेलं पुस्तक मी लोकांना दाखवत नाही."