एका गाईची दोन वासरे

निमाडी वाणाच्या वळूला पाडून त्याचे चारही पाय बांधले होते. खच्ची करण्याचा लाकडी चिमटा हातात धरून गोठ्यावरचा गडी गणोजी मोरोपंतांच्या तोंडाकडे पाहत होता.

"थांब," गोठ्याच्या दारातून सुभद्राबाई म्हणाल्या. गाव त्यांना इनाम होते आणि वळूही त्यांचाच होता.

मोरोपंत दरबारचे कारकून. त्यांनी कागद पुढे केला. "बाईसाहेब, हुकूम स्पष्ट आहे. दरबारने विलायती वळू आणला आहे. कुक्षी परगण्यातले सारे गावठी वळू आज सूर्यास्तापूर्वी खच्ची व्हायचे. वाण सुधारायचे आहे."

"वाण सुधारायचे आहे ना? मग आत या."

आत एकाच खुंटाला दोन वासरे होती.

"दोन्ही एकाच गाईची. थोरले या पाडलेल्या वळूचे, धाकटे तुमच्या विलायती वळूचे. चारा एक, पाणी एक, गोठा एक. कान उलटून पाहा."

मोरोपंतांनी धाकट्याचा कान उलटला. आत गोचिडी दाटल्या होत्या. मानेखालचे कातडे सोलवटून खपल्या धरल्या होत्या. थोरल्याच्या कानात त्यांनी बोट फिरवले. ते तसेच कोरडे बाहेर आले.

"याच्या कोणी वेचून काढल्या असतील."

बाहेरून गणोजी हसला. "पंत, आमच्या घरी पोरींच्या उवा वेचायला कोणाला फुरसत नाही!"

वळूने धडपड केली. दोर करकचला. ऊन कुंपणापलीकडे गेले होते. मोरोपंतांनी आवाज खाली आणला.

"खच्ची केला, असे मी लिहितो. आपण याला नजरेआड ठेवा."

"लपवलेला वळू कोणाच्या गाईला दाखवू? बारा गावांच्या गाई याच्याकडे येतात. लिहायचे तर खरे लिहा."

"खरे लिहिले तर माझी चाकरी जाईल, बाईसाहेब. उद्या दुसरा कोणी येऊन हेच काम उरकेल."

"मग त्यालाही पटेल, असे लिहा."

मोरोपंत खाली बसले. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली. 'हुकूम तामील केला नाही. कारण' एवढे लिहून त्यांचा हात थांबला.

मग कागद बाजूला ठेवून त्यांनी धाकट्या वासराचा कान पुन्हा हातात घेतला आणि ते एकेक गोचीड मोठ्याने मोजू लागले.

साठ झाल्या, तेव्हा दुसरा कान अजून बाकी होता.