पेटीतली मालकीणबाई

पत्रेवाल्याच्या कामाच्या टेबलावर, एका कडेला, झाकण न बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याची लेक बसली होती. खाली जुनी चादर घडी करून घातलेली, काठांना कापड गुंडाळलेलं, आणि बाईसाहेबांचे दोन्ही हात काठावर, गल्ल्यावर बसल्यासारखे. तो तिला मालकीणबाईच म्हणायचा. वर्षाचीही नव्हती अजून, पण बाप काम करतोय की नाही यावर नजर अशी, की भल्याभल्या मालकांची नसेल.

समोरचा शिंपी आपल्या पेटीला कडी बसली का बघायला आला आणि आयताच सापडला. लेकीचं कौतुक सांगायला पत्रेवाल्याला रोज कोणीतरी लागायचंच. कोणी नसलं तर तो ते तिलाच सांगायचा. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. त्यानं शिंप्याला स्टुलावर बसवलं. कालपासून टाळ्या वाजवायला लागलीय. खालचा दात आलाय, तोही वाकडा, म्हणजे बापावर गेली. आवडत्या माणसाकडे एक भुवई वर करून बघते. आणि झोप तर अशी, की शेजारी पिंप गडगडवत न्या, पापणी हलायची नाही. लोकांची पोरं दाराची कडी वाजली तरी भोकाड पसरतात. हिचं तसलं काही नाही. कारागिराचं पोर आहे, आवाजाला भिऊन कसं चालेल!

"आता ताल बघा, काका," असं म्हणून त्यानं टेबलावरच्या पत्र्यावर हातोडा घातला. मालकीणबाईंनी मान वर केली. त्यानं आणखी दोनदा ठोकलं तशा त्या बसल्याजागी उड्या मारायला लागल्या, वाकडा दात दाखवून हसायला लागल्या. तो थांबला की त्या थांबत, ठोकलं की पुन्हा सुरू. शिंपी हसून हसून बेजार झाला.

शेवटी त्याला राहवेना. त्यानं पोरीला पेटीतून उचलून मांडीवर घेतलं. तिला त्याच्या गळ्यातला टेप दिसला आणि मग काय, टेप थेट तोंडात गेला. पत्रेवाल्यानं हातोडा वाजवला. तिनं पाहिलंच नाही. पुन्हा वाजवला. ती टेप चोखत राहिली.

"लाजतेय बरं का," शिंपी म्हणाला.

लाजणार कसली, शिंगं फुटलीत, बापाची किंमत नाही, असं काहीतरी बोलून पत्रेवाला हसला आणि त्यानं दाणकन घाव घातला. शिंपीच दचकला. मांडी हलली तशी पोर वर बघायला लागली, पण शिंप्याच्या तोंडाकडे. आवाजाकडे नाही.

पत्रेवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं. तो रिकामा डबा उचलून तिच्या पाठीमागे गेला आणि तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर त्यानं तो हातोड्यानं बडवला. शिंप्यानं कान झाकले. तिनं टेपाचं दुसरं टोक शोधून काढलं होतं, आणि त्याचा तिला फार आनंद झाला होता.

त्यानं तिला उचललं आणि परत पेटीत ठेवलं. तिनं काठ धरला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं बोटाच्या पेरानं पत्र्यावर हलकेच टकटक केलं. शिंप्याला ते धड ऐकूही आलं नाही. मालकीणबाई मात्र खदखदून हसल्या. पेटीचा पत्रा थरथरला होता, आणि तिचे हात पेटीच्या काठावर होते.

दुकानामागेच घर होतं. एवढा दणदणाट ऐकून पत्रेवाल्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. नवऱ्याच्या हातातला डबा तिनं पाहिला, शिंप्याची खाली गेलेली मान पाहिली. ती शिंप्याला एवढंच म्हणाली, की काका, कडी दोन दिवसांनी बसवून देतील, आज राहू द्या. शिंपी टेप गोळा करून निघून गेला.

"अगं, हिला..." पत्रेवाला म्हणाला.

"मला माहीत आहे."

ती पेटीतली चादर सारखी करत होती. चादर आधीच सारखी होती.

"माझ्या हातून पातेलं पडलं तिच्या मागे, तेव्हाच कळलं. परवा दवाखान्यात नेऊन आणलं. उद्या तपासणीला बोलावलंय, तुम्हालाही यायचंय." ती थांबली. "रात्री सांगणारच होते. तुम्ही रोज येऊन सांगायचात, आज हिनं हे केलं, आज ते केलं. म्हटलं, आजचा दिवस तरी होऊ दे."

पत्रेवाल्याला तिचा राग आला आणि तो लगेच गेलाही. त्याला दुसरंच काहीतरी आठवत होतं. सकाळी दुकान उघडल्यापासून तो लेकीशी काय काय बोलला होता ते. कालचं. परवाचं. तिच्या जन्मापासूनचं सगळं. त्यातलं एक अक्षरही कुठे पोचलं नव्हतं. एवढी बडबड करून तिचं नावसुद्धा त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

पोरीनं हात वर केले. त्यानं तिला कडेवर घेतलं आणि नेहमीच्या सवयीनं तोंड तिच्या कानाशी नेलं. मग तिथून काढून घेतलं. तिला समोर धरलं, अगदी तोंडासमोर, आणि हाक मारायला गेला. ओठ हलले, पण मालकीणबाई हा शब्द काही बाहेर आला नाही.

तिला फरक कळला नाही. एक भुवई वर करून ती त्याच्या ओठांकडे बघत रोजच्यासारखीच हसली.