वायूच्या बुडबुड्यांपाशी

खोल समुद्रात सोडलेल्या कॅमेऱ्याचं चित्र जहाजावरच्या पडद्यावर स्थिर झालं आणि प्राणिशास्त्राची प्राध्यापक शाल्मली उठून उभीच राहिली. तळातून झिरपणाऱ्या वायूचे बुडबुडे वर येत होते. भोवती शिंपल्यांचे दाट थर, पांढरे खेकडे आणि नळीत राहणारे माणसाएवढे उंच किडे. सूर्याचा किरणही न पोचणाऱ्या काळोखात सगळे त्या वायूच्या जिवावर जगत होते.

“तेलविहीर इथेच खोदायची आहे,” ही पाहणी करवून घेणाऱ्या तेलकंपनीचे गुप्ते म्हणाले. “हे चित्रण पुसा. सरकारला द्यायच्या अहवालात पलीकडचा चिखल दाखवा आणि जीवसृष्टी नाही म्हणून सांगा.”

“यातले काही किडे दोनशे वर्षांचे असतील!”

“किडेच ना, बाई? कोण विचारतंय त्यांना?”

शाल्मलीची कानशिलं तापली. “मी विचारतेय! आणि माझे विद्यार्थीही. कॉलेजात बसून ते हे सगळं थेट बघतायत, ऐकतायत.”

गुप्त्यांनी दचकून तिच्यासमोरच्या माइककडे पाहिलं. तेवढ्यात स्पीकरमधून एका मुलीचा संतापलेला आवाज आला, “मॅडम, कोण आहे हा माणूस?”

शाल्मलीनं माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. “सांगा ना. तुमचं नाव तुम्हीच सांगा त्यांना.”