सासूबाईंची खिडकी

सुनेला विचारायची पद्धतच ठाऊक नाही. सासूबाई दुपारी जरा आडव्या झाल्या, तेवढ्यात तिनं आळीतली पोरं गोळा केली आणि पुढच्या खोलीची खिडकी झाकून टाकली. नवरा दोन वर्षं बोटीवर, आणि हिला रंग सुचतायत.

खोलीभर काळ्या पुठ्ठ्याचे कपटे. पोरांनी पुठ्ठ्यात मासे, पानं, पाखरं कापली होती आणि मागून रंगीत जिलेटीन कागद चिकटवले होते.

"खऱ्या खिडकीत रंगीत काचांचे तुकडे असतात," सून पोरांना सांगत होती, "शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. मागून उजेड आला की मगच चित्र दिसतं."

"तुझ्या चित्राचं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरचं कसं दिसायचं?"

सून गोंदाची वाटी उचलून आत गेली.

संध्याकाळची बस वळणावर थांबते, तेव्हा सासूबाई या खिडकीशी खुर्चीत असतात. कुणी विचारलं तर म्हणतात, हवा खाते. मुलगा गेला तो त्याच बसनं. येईल तोही त्याच बसनं. सून मात्र कधी खिडकीशी फिरकत नाही. ती आपली आत भांडी घासत असते.

सासूबाईंनी पुठ्ठ्याचं टोक नखानं उचकटलं.

"आजी, फाडू नका ना," दात पडलेली एक पोरगी म्हणाली. "तुमचं भोक आहे की त्यात. खुर्चीत बसा, मग दिसेल. ताईंनी माप घेऊन कापलंय. म्हणाल्या, तिथं कुणी रंग लावायचा नाही, आजींना दादा दिसायला हवा."

सासूबाई बसल्या. लाल मासा आणि निळं पान यांच्यामधे, बरोब्बर डोळ्यांसमोर, एक मोकळा चौकोन होता. त्यातून अख्खं वळण दिसत होतं.

पोरं घरी गेली. बस आली. दोन परकी माणसं उतरली.

आतली भांडी गप्प झाली होती. बस निघून गेली, तेव्हा कुठे ती पुन्हा वाजायला लागली. इतक्या दिवसांत सासूबाईंच्या कानांना हे आजच कळलं.

"इकडे ये गं."

सून हात पुसत दारात आली. सासूबाईंनी चौकोनावर बोट ठेवलं.

"दुसऱ्याच्या पोरांना शिकवतेस आणि स्वतःच्या वेळी अक्कल गहाण ठेवतेस. भोक एकच, तेही खुर्चीच्या मापाचं. उभ्या माणसानं कुठून बघायचं?"