मधला पत्रा

गाडी पुन्हा बंद पडली. तळोद्याच्या रस्त्यावर, वैशाखाच्या भर दुपारी, आणि सावली म्हणाल तर बाभळीची!

हिंमतरावाने बॉनेट उघडलं. आतून धग आली. दोन माणसांपुरती ही लाल, बिनटपाची शर्यतीची गाडी त्याने मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून हौसेने घेतली होती. दिसायला देखणी, पण उन्हाशी तिचं हाडवैर. इंजिन तापलं की पेट्रोल नळीतच उकळायचं, आणि मग बाईसाहेब जागच्या हलायच्या नाहीत. त्याने कार्बोरेटरवर ओलं फडकं टाकलं. फस्सकन वाफ निघाली.

“इंजन तपी गये. थंडं व्हऊ दे, मंग निंघूत,” तो बायकोकडे न बघता म्हणाला.

मंगलाची पेटी आणि लग्नातली पितळी भांडी गाडीच्या मागे बांधली होती. साटंलोटं होतं त्यांचं. हिंमतरावाची बहीण मंगलाच्या भावाला दिलेली, मंगला हिंमतरावाला. भावाने भांडून बायकोला परत धाडलं, आणि इकडे सासऱ्याने, चुडामणआबांनी, निकाल दिला. “त्यास्नी आपली पोर धाडी. आते त्यास्नी पोर त्यास्ना घर.” झालं! या दोघांचं आपसात पटतंय का, हे कोण विचारतो? पटत होतं हो, फार पटत होतं. हिंमतरावाने मान खाली घालून ऐकलं, आणि मान खाली घालूनच तिला माहेरी सोडायला गाडी बाहेर काढली.

सासरचं गाव लोणखेडा सुटल्यापासून मंगला एकाच गोष्टीची वाट बघत होती. त्याने म्हणावं, नको जाऊस. तो मात्र इंजिनाशीच झटत होता.

फडकं वाळलं. दुसरं काढायला तिने सीटमागे हात घातला, तर हाताला पत्रा लागला. घासलेटच्या डब्याचा, कडा ठोकून गुळगुळीत केलेला. तिने तो लगेच ओळखला. गेल्या उन्हाळ्यात हिंमतरावाने तो कापला, तेव्हा दुसरं टोक तिनेच धरलं होतं. इंजिनाच्या तापलेल्या नळ्या आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये धग अडवायला तो आडवा बसवला, आणि तेव्हापासून आजपर्यंत गाडी उन्हात कधी अडली नव्हती.

“हाऊ पत्रा तुमीच काढी लिन्हा ना?”

हिंमतरावाचा चेहरा उतरला. “गाडी पोचनीच नही ते परत फिरता येई,” तो पुटपुटला. “आबाले सांगसू, बिघडनी.”

तिला भरून आलं. आपल्यासाठी एवढं करणारा नवरा! पण मग उद्याचा दिवस डोळ्यांपुढे आला. उद्या पुन्हा हीच पेटी बांधायची, पुन्हा आबांचा हुकूम, पुन्हा याची खाली घातलेली मान. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“गाडी बंद पाडता येस तुमले. आबापुढे तोंड उघाडता येत नही?”

तिने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने एक बैलगाडी शेजारून गेली, तरी तो बॉनेटवर हात ठेवून तसाच उभा होता.

“बसाडा पत्रा,” ती म्हणाली. “मन्हा भाऊले मी जाब इचारसू. तुमना बापले कोन इचारी?”

त्याने पत्रा बसवला. स्क्रू नीट आवळले.

माहेर येईपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.