चौथा टेक

कार्टूनच्या शेवटच्या भागाचं डबिंग होतं. मोठा झालेला उंदीर तळं सोडून निघतो आणि जिवलग बेडकाला म्हणतो, "जातो रे."

अकरा वर्षं उंदराचा आवाज देणाऱ्या ताईंच्या तोंडून तीनदा "येतो रे"च निघालं.

"ताई, 'जातो' लिहिलंय. तो परत यायचा नाहीये," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"निघताना 'जातो' म्हणतं का कुणी?" ताई पुटपुटल्या. चौथ्या टेकला मात्र डोळे मिटून म्हणाल्या. शेजारच्या माइकवरून बेडूक झालेली मैत्रीण नुसतं "हं" म्हणाली. स्क्रिप्टमध्ये तेवढंच होतं.

काम संपलं. हेडफोन खुंटीला अडकवून ताई दाराशी वळल्या.

"जाते गं," त्या बोलून गेल्या.

मैत्रिणीने स्क्रिप्टमधून मान वर केली नाही.

"रिटेक."