लाळेरं

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरताच मॅडम समजून सगळी मुलं उभी राहिली. चूक कळल्यावर तिचं नाव ‘काकू’ पडलं आणि तिच्या बाकावर कुणी बसेना. बाळाला सासूबाईंकडे सोपवून ती यायची, पण कुणी धड बोलेल तर शपथ! आजही तेच झालं, तर उद्यापासून कॉलेज बंद, असं तिने ठरवलं होतं. पेन काढताना पिशवीतून बाळाचं लाळेरं पडलं. मागच्या बाकावरच्या तिखट जिभेच्या मुलीने ते चिमटीत धरून नाचवलं. “काकू, हे तुम्ही बांधता की काका?” वर्ग खिदळला. हिच्या मस्तकात तिडीक गेली. “तूच बांध. तुझंच तोंड सारखं गळतं!” मुलगी लालबुंद झाली, मग फिसकन हसली. दप्तर हिच्या बाकावर आपटून गुरकावली, “ए शहाणे, सरक!” ‘सरका’ नव्हे, ‘सरक’! डोळे पुसायला हिने लाळेरंच हिसकावलं.